नायगारा गोठतो तेव्हा

धबधबा पाहायचा तो पावसाळ्यात, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. आषाढ-श्रावणात घाटात गाडी थांबवावी, डोक्यावर छत्री असून नसल्यासारखी, हातात भाजलेले कणीस, आणि समोर कड्यावरून कोसळणारे पांढरे लोट! कोजागरी उलटली की त्यांचा जोर ओसरतो, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच धारेचा दोरा होतो, आणि जानेवारीत त्या जागी काळा कातळ तेवढा शिल्लक राहतो. हिवाळा आणि धबधबा यांची आपल्याकडे ओळखदेखच नाही.

त्यामुळे "आम्ही फेब्रुवारीत येतो आहोत, नायगारा दाखव," असे टोरांटोजवळ राहणाऱ्या पुतणीला कळवले तेव्हा ती फोनवर हसतच सुटली. "अहो काका, सगळ्यांचे आईवडील जूनमध्ये येतात. रेनकोट घालून होडीतून धबधब्याच्या तोंडाशी जातात, भिजतात, फोटो काढतात. फेब्रुवारीत होडी बंद असते. थंडी अशी की नाक जागेवर आहे की नाही ते चाचपून पाहावे लागते. आणि शिवाय तो गोठलेला असेल!"

आम्ही निघालो ते नेमके या शेवटच्या वाक्यावर. गोठलेल्या नायगाऱ्याचे चित्र कोणी पाहिलेले नाही? पूर्वी ते शाळेच्या भूगोलात किंवा इंग्रजी मासिकात दिसे. आता दर हिवाळ्यात कोणी ना कोणी फोनवर धाडतोच. १९११ सालचे म्हणून एक जुने छायाचित्र फार गाजलेले आहे. कड्यावरून खालपर्यंत पांढऱ्या लोंब्या, आणि पायथ्याशी बर्फाच्या ढिगावर टोप्या घातलेली मुंगीएवढी माणसे. ते पाहिल्यापासून एक साधा प्रश्न माझ्या डोक्यात घर करून होता. चार महासरोवरांचे पाणी ज्या नदीतून वाहते, ती नदी जर कड्यावरच गोठली, तर मागून येणारे पाणी जाते कोठे?

टोरांटोपासून नायगारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता ओंटारिओ सरोवराला पश्चिमेकडून वळसा घालून जातो. जावईबापू गाडी चालवत होते, पुतणी मागे सौ.च्या शेजारी, आणि मध्ये त्यांचा सहा वर्षांचा चिरंजीव, जो मला मोकळेपणाने "आजोबा" म्हणतो आणि माझे इंग्रजी उच्चार बिनदिक्कत सुधारतो. आम्ही दोघांनी अंगावर इतके थर चढवले होते की गाडीचा पट्टा लावताना दोघांची मदत घ्यावी लागली. वाटेत मैलोगणती द्राक्षांचे मळे लागले. द्राक्षे म्हटली की आपल्याला नाशिक आठवायचे. पण येथे वेलींच्या काटक्या बर्फातून वर आलेल्या, आणि काही मळ्यांत म्हणे हिवाळ्यापर्यंत घड मुद्दाम वेलीवरच ठेवतात. पारा उणे ८ अंशांच्या खाली उतरला की ती गोठलेली द्राक्षे बहुधा रात्रीच खुडायची, गोठलेली असतानाच पिळायची, आणि त्या घट्ट गोड रसाची दारू करायची. थंडीचेही पीक काढणारे हे लोक पाहून मला त्यांचे कौतुक वाटले.

नायगारा म्हणजे एक धबधबा नव्हे, तीन. कॅनडाच्या बाजूचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला तो 'हॉर्सशू'. अमेरिकेच्या बाजूचा सरळ रेघेतला 'अमेरिकन'. आणि त्याला लागूनच चिंचोळा 'ब्रायडल व्हेल', म्हणजे नववधूचा घुंगट. उंचीने हॉर्सशू सुमारे ५७ मीटर. आपल्या गिरसप्प्याची उंची २५३ मीटर. उंचीत नायगारा त्याच्या पासंगालाही पुरायचा नाही. त्याचे मोठेपण रुंदीत आणि पाण्यात आहे. ईरी सरोवरातून निघून ओंटारिओ सरोवराला मिळेपर्यंत नायगारा नदीचा सारा प्रवास अवघा ५८ किलोमीटरांचा. पण तेवढ्यात ती जवळजवळ ९९ मीटर खाली उतरते, आणि त्यातला निम्म्याहून अधिक उतार एका उडीत संपवते.

गाडीतून उतरलो तो प्रथम दिसला अमेरिकन धबधबा, नदीच्या पलीकडे, समोरासमोर. आणि खरोखरच तो गोठलेला होता! निदान प्रथमदर्शनी तरी. कड्याच्या कडेला बर्फाचे पडदे लोंबत होते, काही निळसर, काही दुधी, काही पिवळट. पायथ्याशी एरवी मोठमोठ्या दरडी पडलेल्या दिसतात, त्यांच्या जागी बर्फाची एक टेकडीच उठली होती. नदीकाठची झाडे, दिव्यांचे खांब, कठडे, बाके, सगळ्यांवर काचेचे लुकण चढलेले. एका झुडपाची फांदी मी बोटाने टिचकावली, तर काकणासारखी किणकिणली.

"अहो, पण आवाज येतोय की!" सौ. म्हणाली.

आवाज येत होता. बर्फाच्या पडद्यांच्या मधून आणि मागून पाणी पडतच होते. उजवीकडे हॉर्सशूकडे पाहिले तर तेथे गोठण्याचे नावही नव्हते. कडेकडेने बर्फाची तटबंदी, पण मध्ये नालेच्या वळणातून हिरवेगार पाणी जाड काचेसारखे वाकत होते आणि धुक्यात नाहीसे होत होते.

हे धुके म्हणजे नायगाऱ्याच्या हिवाळ्याची सारी किल्ली. तिथली माणसे हसून सांगतात ती गोष्ट ही, की नायगारा गोठत नाही. गोठतो तो त्याचा तुषार. शून्य अंशाचे एक ग्रॅम पाणी नुसते बर्फ व्हायचे झाले तरी त्याला ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकावी लागते, म्हणजे तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवायला जितकी लागेल तितकी. कड्यावरून उडी घेतलेल्या पाण्याला खाली पोचायला तीन-साडेतीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात एवढी उष्णता त्या प्रचंड लोटाने टाकायची कशी? पण त्याच लोटाचा जो बारीक तुषार उडतो, त्याचा थेंब न् थेंब थंड हवेने चारी बाजूंनी वेढलेला असतो. तो कातळावर, फांदीवर, कठड्यावर, पाहणाऱ्याच्या भिवईवर जिथे टेकेल तिथे गोठतो. थरावर थर चढत महिनाभरात त्याचे पडदे होतात, खांब होतात, टेकड्या होतात.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. उष्णतेचा आणि कामाचा हिशेब जुळवून दाखवणारा इंग्रज शास्त्रज्ञ जूल याने १८४५ साली असे लिहिले की आपले म्हणणे खरे असेल तर नायगाऱ्याचे पाणी खाली पोचल्यावर किंचित तापलेले सापडेल. किती? फॅरनहाइटचा एक पंचमांश अंश! म्हणजे नायगारा पडतो तो गार होत नाही, उलट नखभर ऊबदार होतो. ही ऊब आमच्या मात्र काही कामी आली नाही.

अमेरिकन धबधबा अधिक गोठलेला का दिसतो याचे उत्तरही साधे आहे. नदीच्या पाण्यापैकी त्याच्या वाट्याला सुमारे एक दशांश येते; बाकीचे नऊ दशांश हॉर्सशूवरून जाते. दोहोंच्या मध्ये गोट आयलंड नावाचे बेट आहे. त्या बेटाच्या वरच्या अंगाला बर्फ अडकला की अमेरिकन धबधब्याचा आधीच पातळ असलेला प्रवाह आणखी रोडावतो, आणि काही कडक हिवाळ्यांत तर तो जवळजवळ बंदच पडलेला आहे. 'गोठलेला नायगारा' म्हणून फिरणारी बहुतेक चित्रे या धाकट्या भावाची असतात. थोरल्याला सबंध गोठलेला कोणीही पाहिलेला नाही.

हॉर्सशूच्या पोटात शिरायची एक वाट आहे. टेबल रॉक नावाच्या जागेवरून लिफ्टने ३८ मीटर खाली उतरायचे, आणि कातळात खोदलेल्या बोगद्यातून थेट पाण्याच्या मागे जायचे. उन्हाळ्यात बोगद्याच्या झरोक्यांतून कोसळत्या पाण्याची पाठ दिसते. आम्ही गेलो तेव्हा बाहेरचा सज्जा बंद होता आणि झरोक्याच्या तोंडाशी बर्फाची भिंत उभी होती, मळक्या पांढऱ्या काचेसारखी. पलीकडचा उजेड तिच्यातून गढूळ होऊन येत होता.

"आजोबा, पाणी कुठे आहे?" चिरंजीवांनी विचारले.

मी त्याचा हात मोज्यातून काढून कातळाला लावला. कातळ थरथरत होता. गिरणीच्या जमिनीवर अनवाणी उभे राहिले म्हणजे जशी थरथर पायांतून चढते, अगदी तशी. सबंध दिवसात नायगारा मला सर्वांत जवळचा वाटला तो त्या घटकेला, जेव्हा त्याचा एक थेंबही दिसत नव्हता.

आणि हा धबधबा तरी पुरा कोठे होता! हिवाळ्यात आपण पाहतो तो नायगारा मोजून मापून सोडलेला असतो, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. १९५० साली कॅनडा आणि अमेरिका यांनी करार केला. उन्हाळ्याच्या मोसमात, दिवसा, प्रवासी पाहत असतील त्या वेळात धबधब्यावरून सेकंदाला निदान १ लाख घनफूट पाणी गेले पाहिजे. रात्री आणि सबंध हिवाळाभर ५० हजार घनफूट पुरे. बाकीचे पाणी वरच्या वर बोगद्यांतून वळवून दोन्ही देशांतल्या वीजघरांकडे नेतात. नदीत मुळात सेकंदाला सुमारे दोन लाख घनफूट पाणी येते, म्हणजे हिवाळ्यातला नायगारा हा चार आणे नायगारा झाला! तरी त्या चार आण्यांचा हिशेब पाहा. ५० हजार घनफूट म्हणजे सुमारे १४ लाख लिटर. उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो दहा हजार लिटरचा धरला, तर असे १४० टँकर दर सेकंदाला. सौ.ला हा हिशेब सांगितला तेव्हा ती काही वेळ नुसती पाहत राहिली आणि म्हणाली, "आणि आपण एका टँकरसाठी सेक्रेटरीला तीन फोन करतो!"

माणसाने नायगाऱ्याला आवरण्याच्या आधी बर्फाने एकदा त्याला साफ बंद केले होते. ही गोष्ट १८४८ च्या मार्चअखेरची. ईरी सरोवर हे महासरोवरांत सर्वांत उथळ. सरासरी खोली अवघी १९ मीटर. म्हणून ते गोठतेही लवकर. त्या साली थंडी ओसरताना त्याचा बर्फ फुटला, वाऱ्याने ते सारे तुकडे सरोवराच्या पूर्व टोकाला, म्हणजे नदीच्या मुखाशी लोटले, आणि बाटलीला बूच बसावे तसे मुखच बंद झाले. २९ मार्चच्या रात्री धबधब्याकाठची माणसे जागी झाली ती आवाजाने नव्हे, शांततेने! जन्मापासून कानांत बसलेली गर्जना थांबली होती. नदीकाठच्या गिरण्यांची चाके उभी राहिली. सकाळी पाहतात तो पात्र कोरडे. काही जण घाबरून देवळात प्रार्थनेला गेले; काही जण खाली पात्रात उतरले आणि १८१२ च्या युद्धातल्या बंदुका, संगिनी, आदिवासींच्या कुऱ्हाडी वेचून घेऊन आले. दीड दिवस हा प्रकार चालला. मग वारा फिरला, बूच निघाले, आणि ३१ तारखेच्या रात्री पाण्याची भिंत गडगडत परत आली.

असे पुन्हा होऊ नये, निदान वीजघरांच्या तोंडाशी बर्फ तुंबू नये, म्हणून १९६४ पासून दर हिवाळ्यात ईरीच्या मुखाशी एक तरता अडसर टाकतात. लांबी २.७ किलोमीटर. पूर्वी तो लाकडी ओंडक्यांचा होता, १९९७ पासून पोलादी नळकांड्यांचा आहे, जाड तारदोरांनी एकत्र बांधलेला. सरोवराचे पाणी ४ अंशांवर आले, किंवा डिसेंबरचा मध्य उलटला, की तो टाकायचा. तो बर्फ अडवत नाही. बर्फाला एकजागी धरून ठेवतो, म्हणजे सरोवरावर साय धरते आणि तुकडे सुटे होऊन नदीत येत नाहीत. जावईबापू इंजिनियर आहेत. या अडसरावर ते वाटेत अर्धा तास बोलले आणि पुतणीने दोनदा विषय बदलून पाहिला.

तरी थोडाफार बर्फ येतोच. शिवाय नदीचे खळाळते पाणी शून्याच्या किंचित खाली गेले की त्याच्या पोटातच बारीक बारीक कण धरू लागतात. कढवलेले तूप थंडीत रवाळ होते ना, तसे. हा रवाळ बर्फ आणि वरून आलेले तुकडे धबधब्यावरून खाली पडतात, खालच्या डोहात साचतात, तुषाराने एकमेकांना चिकटतात, आणि एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नदीवर बर्फाचे छप्पर तयार होते. यालाच तिकडे 'बर्फाचा पूल' म्हणतात. पुलाच्या खालून नदी आपली वाहतच असते. जुन्या काळी हा पूल दहाबारा मीटरही जाड होई. अडसर आल्यापासून तो पूर्वीइतका माजत नाही. आम्ही वरून पाहिला तो नांगरून टाकलेल्या शेतासारखा दिसत होता, ढेकळेच ढेकळे, आणि मध्ये कोठे कोठे काळ्या पाण्याची भोके.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र हा पूल म्हणजे जत्रेचे मैदान होते. पूल धरला की आगगाड्या भरभरून माणसे येत. १८८८ च्या फेब्रुवारीत एका दिवशी वीस हजार लोक जमल्याचे तिथल्या वृत्तपत्राने छापले होते. बर्फावर लाकडी खोपटी उभी राहत. त्यांत कॉफी मिळे, व्हिस्की मिळे, आणि 'मी नायगाऱ्याच्या पायथ्याशी उभा आहे' असा फोटो काढून मिळे. बायका लांब झगे सावरीत बर्फाच्या टेकडीवर चढत आणि घसरगुंडीने खाली येत. त्या गाजलेल्या छायाचित्रातली मुंगीएवढी माणसे ती हीच.

या बर्फाची ताकद केवढी, ते १९३८ च्या जानेवारीत कळले. धबधब्याच्या थोडे खालच्या अंगाला पोलादी कमानीचा एक मोठा पूल होता. नवविवाहित जोडपी नायगाऱ्याला येतात म्हणून त्याचे नावच 'हनिमून ब्रिज' पडलेले. ईरीवर वादळ झाले, बर्फाचे डोंगर धबधब्यावरून आले आणि घळीत इतके साचले की पुलाच्या पायांना रेटू लागले. पूल बंद केला. लोक काठावर जमून तो पडायची वाट पाहत उभे राहिले, आणि २७ जानेवारीला दुपारी तो अख्खा खाली बसला. कोणाला इजा झाली नाही. पुलाचा सांगाडा एप्रिलपर्यंत बर्फावर पडून होता. मग बर्फ फुटला आणि तो नदीच्या तळाशी गेला. आज तेथे जवळच १९४१ साली बांधलेला रेनबो ब्रिज आहे. (योगायोग पाहा: २०१५ साली कॅनडाच्या विल गॅड याने आणि त्याच्या मागून सारा ह्यूनिकेन हिने हॉर्सशूच्या कडेचा गोठलेला तुषार कुऱ्हाडी मारीत चढून दाखवला, तीही तारीख २७ जानेवारीच. ते रीतसर परवाना काढून चढले.)

पुलाची गोष्ट आधी सांगितली. माणसांची मुद्दाम मागे ठेवली.

दुपार कलल्यावर आम्ही नदीकाठच्या रस्त्याने तीनएक किलोमीटर खाली गेलो. तेथे घळ अरुंद होते आणि दोन जुने पूल शेजारी शेजारी आहेत. त्यांतला एक १८९७ सालचा पोलादी कमानीचा, अजून वापरात असलेला. येथे नदी गोठत नाही. बर्फाच्या छपराखालून सुटलेले सारे पाणी येथे एका चिंचोळ्या वाटेने निघते आणि घोड्यांच्या कळपासारखे उधळते.

४ फेब्रुवारी १९१२, रविवार. वर धबधब्याशी बर्फाचा पूल बरेच दिवस धरलेला होता आणि सगळे निर्धास्त होते. दुपारी बाराच्या सुमारास पुलावर थोडीशी माणसे होती. त्यांत टोरांटोचे एल्ड्रिज स्टँटन आणि त्यांची पत्नी क्लारा, आणि क्लीव्हलँडहून आलेले सतरा वर्षांचे दोन मित्र, बरेल हेकॉक आणि इग्नेशियस रॉथ. बर्फावर विल्यम हिल नावाच्या नदीकाठच्या माणसाचे खोपट होते. सबंध पूल पायांखाली करकरला, तेव्हा नदीचा स्वभाव ओळखणाऱ्या हिलने काय होते आहे ते जाणले आणि ओरडून सगळ्यांना काठाकडे पिटाळले. बहुतेक जण निसटले. स्टँटन पतिपत्नी आधी कॅनडाच्या काठाकडे धावली, पण बर्फ आणि काठ यांच्या मध्ये पाणी उघडे पडले होते. ती दोघे उलट फिरली. वाटेत क्लारा कोसळली. नवऱ्याने मदतीसाठी हाक दिली.

ती दोन मुले पुढे पोचली होती. हेकॉक थांबला आणि मागे वळला. रॉथ पुढे गेला. हिलने त्याला काठावर घेतले. हेकॉक त्या बाईला उठवण्यासाठी परत बर्फावर गेला. तो तिच्याजवळ पोचला आणि बर्फाचा तो तुकडा सुटला.

तिघांना घेऊन तो तुकडा नदीबरोबर खाली निघाला. पुढे तो दुभंगला. एकावर मुलगा, दुसऱ्यावर ते जोडपे. बातमी त्यांच्या पुढे पोचली होती. आम्ही उभे होतो त्या जागच्या पुलांवरून लोकांनी दोर सोडले. हेकॉकने दोर पकडला. वरची माणसे ओढू लागली, तोही चढू लागला. बर्फाच्या पाण्यात भिजलेले, बधिर झालेले हात! काही उंचीवर त्याची पकड सुटली आणि तो पाण्यात गेला.

स्टँटनने पहिला दोर पकडला, तो तुटला. पुढच्या पुलावरून दुसरा आला, तो त्याने बायकोच्या कमरेला बांधू पाहिला. तोही कामी आला नाही. मग त्याने दोर सोडून दिला आणि बर्फावर बायकोला जवळ घेतले. पुढच्या लाटेत तो तुकडा उलटला. हे सारे भरदुपारी, काठांवर आणि पुलांवर उभ्या असलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत.

त्यानंतर बर्फाच्या पुलावर पाय ठेवायला बंदी झाली, ती आजतागायत आहे. खोपटी गेली, जत्रा गेली. सौ. गाडीतून उतरायला तयार नव्हती ती उतरली, आणि कठड्याशी येऊन उभी राहिली.

"एवढ्या वरून दोर सोडला?" तिने विचारले.

जावईबापूंनी पुलाकडे पाहून सांगितले, "सव्वादोनशे फूट तरी असेल, काकू."

"आणि त्या मुलाची आई?"

याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. पुतणीने थर्मासमधला चहा काढला. तो प्याल्यात पडेपर्यंत निवला होता. चिरंजीवांना गोष्ट अर्धीच समजली होती. त्यांनी विचारले, "तो मुलगा परत का गेला? तो तर पोचला होता ना?"

"कोणीतरी हाक मारली म्हणून," जावईबापू म्हणाले, आणि त्याला उचलून कडेवर घेतले, म्हणजे त्याला कठड्यावरून खालचे पाणी दिसावे. वरच्या अंगाने बर्फाचा एक तुकडा येत होता, आमच्या गाडीएवढा, संथ फिरत. पुलाच्या सावलीत तो शिरला. पलीकडे आम्ही बराच वेळ पाहिले, पण खालच्या पांढऱ्या फेसात बर्फ कोणता आणि पाणी कोणते हे काही ओळखू येईना.